सही झाली, संमती झाली का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मानसशास्त्रातील गाजलेल्या प्रयोगांवरील लेख मागील अंकात प्रसिद्ध झाला, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रयोगांच्या निष्कर्षांविषयी नव्हती. प्रयोगात बसलेल्या माणसांचे पुढे काय झाले आणि त्यांना तसे वागवण्याचा अधिकार संशोधकांना कोणी दिला, असा त्यांचा सूर होता. त्यांतील आठ पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : सांगितल्यावरून माणूस दुसऱ्याला किती इजा करील हे पाहणाऱ्या स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगात प्रत्यक्षात कोणालाही धक्का बसला नव्हता. सहभागींना नंतर खरे काय ते सांगितले गेले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी समाधानच व्यक्त केले. मग इतकी वर्षे या संशोधकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण काय? एवढे मोलाचे ज्ञान काही फुकट मिळणार नव्हते.

उत्तर : धक्का कोणाला बसला, याचा विचार आपण ज्या खोलीपासून सुरू केला आहे तीच खोली चुकीची आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. भिंतीपलीकडे बसलेला 'विद्यार्थी' हा संशोधकाचाच माणूस होता, त्याला काहीच झाले नाही, हे खरे आहे. प्रश्न आहे तो अलीकडच्या खोलीत बटणे दाबत बसलेल्या माणसाचा. येल विद्यापीठात 1961 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असे सांगून माणसे बोलावली होती. त्यांच्यासमोर 15 व्होल्टपासून 450 व्होल्टपर्यंतची 30 बटणे असलेले यंत्र होते, आणि पलीकडच्याचे उत्तर चुकले की एक एक बटण वर सरकत जायचे होते. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधातील 40 पुरुषांपैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, एवढेच सहसा सांगितले जाते. त्याच निबंधात मिलग्रॅम यांनी या माणसांना घाम फुटल्याचे, त्यांचे हात थरथरत असल्याचे, ते ओठ चावत आणि स्वतःच्याच तळहातात नखे रुतवत असल्याचे नोंदवले आहे. काहींना अनावर हसू फुटत होते आणि तिघांच्या बाबतीत त्या हसण्याला अक्षरशः झटक्यांचे स्वरूप आले होते. या नोंदी स्वतः प्रयोगकर्त्याच्या आहेत, टीकाकारांच्या नाहीत.

मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1964 मध्ये जो आक्षेप घेतला तो नेमका येथे होता. प्रयोगशाळेत आलेला माणूस अनोळखी जागेत असतो, काय करायचे हे त्याला ठाऊक नसते आणि म्हणून तो समोरच्या जाणकारावर विसंबतो. त्या विसंबण्याचाच वापर त्याच्याविरुद्ध करायचा, आणि मग 'पाहा, हा किती आज्ञाधारक निघाला' असे म्हणायचे, हे त्यांना मान्य नव्हते. मिलग्रॅम यांनी त्याच वर्षी उत्तर दिले आणि आपण म्हणता ती पाहणी पुढे ठेवली : 84 टक्के सहभागींना भाग घेतल्याचा आनंद वाटत होता आणि केवळ 1.3 टक्के लोकांना खेद होता. हे आकडे मी झटकून टाकणार नाही. तरीही ज्या माणसाला स्वतःविषयी एक कडवट गोष्ट कळली आहे, तो 'निदान त्यातून विज्ञानाचे भले झाले' असे म्हणून मनाची समजूत घालणार, ही शक्यता मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीच विसरावी हे बरे नव्हे. शिवाय पुढे या प्रयोगांचे दप्तर तपासले गेले तेव्हा आढळले की, यंत्र खोटे होते ही गोष्ट अनेकांना त्याच दिवशी कळलीच नव्हती. पलीकडच्या माणसाला आपण भयंकर इजा केलेली नाही एवढे सांगून त्यांना घरी पाठवले गेले, आणि पूर्ण हकिगत त्यांना टपालाने गेलेल्या अहवालातून समजली, तीही काही महिन्यांनी.

माझ्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलका तपशील वेगळा आहे. सहभागींना सुरुवातीलाच साडेचार डॉलर दिले होते आणि पुढे काहीही झाले तरी ते तुमचेच, असे स्पष्ट सांगितले होते. म्हणजे कागदोपत्री दार उघडे होते. पण माणूस थांबू लागला की संशोधक ठरलेली चार वाक्ये क्रमाने उच्चारत असे, आणि त्यांतले चौथे होते, 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही, तुम्ही पुढे गेलेच पाहिजे.' पर्याय होता, आणि तो नाही असे सांगितले जात होते. आज नीतिसमितीपुढे, म्हणजे सहभागींच्या हिताच्या दृष्टीने संशोधन आधी तपासून मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, हा आराखडा आला तर फसवणुकीपेक्षाही या एका वाक्यावर तो अडायला हवा.

ज्ञान फुकट मिळत नाही हे आपले म्हणणे मान्य. मात्र तेच ज्ञान कमी किमतीत मिळाले असते का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे अर्धेमुर्धे उत्तर मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. मूळ मालिकेतील पुढच्या एका प्रयोगात पलीकडचा माणूस 150 व्होल्टला पहिल्यांदा 'मला बाहेर काढा' असे ओरडतो आणि तो टप्पा ओलांडणाऱ्यांपैकी 79 टक्के लोक शेवटपर्यंत जातात, हे बर्गर यांनी हेरले आणि आपला प्रयोग 150 वरच थांबवला. ताण सोसवणार नाही अशी शंका असलेल्यांना आधीच मुलाखतीतून वगळले, मानधन घेऊन केव्हाही निघून जाता येईल हे निदान तीन वेळा सांगितले, आणि प्रयोग संपताक्षणी खरी हकिगत उघड केली. एवढे करूनही 70 टक्के लोक 150 च्या पुढे जायला तयार झाले. ती चार वाक्ये बर्गर यांनीही वापरली, हे माझ्या मनाला अजूनही खटकते, पण निष्कर्षासाठी माणसाला 450 पर्यंत नेण्याची गरज नव्हती एवढे त्यातून नक्की दिसले.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या विभागातील संशोधनात भाग घेतला तर अंतर्गत मूल्यमापनात गुण मिळतात. भाग घेणे ऐच्छिक आहे असे प्राध्यापक सांगतात. कोणी नाही म्हटलेले मी तरी पाहिलेले नाही. ही संमती म्हणायची का?

उत्तर : कोणी नाही म्हटलेले तुम्ही पाहिलेले नाही, हे तुमच्या पत्रातील वाक्य कोणत्याही संमतिपत्रापेक्षा अधिक माहिती देते. ज्याच्या हाती आपले गुण आहेत त्याने हसत हसत केलेली विनंतीसुद्धा विनंती राहत नाही, आणि हे बहुतेक प्राध्यापकांना प्रामाणिकपणे कळत नाही, कारण त्यांच्या बाजूने ती विनंतीच असते.

गुण देणे मुळातच गैर आहे असे नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेसह अनेक संहितांनी ते चालवून घेतले आहे, पण एका अटीवर : ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला तेवढेच गुण मिळवून देणारे दुसरे काम उपलब्ध असले पाहिजे. येथे पळवाट कशी काढली जाते तेही सांगतो. प्रयोगाला चाळीस मिनिटे लागतात आणि पर्यायी काम म्हणून तीन शोधनिबंधांचा सारांश लिहायला सांगितला जातो. असा पर्याय कागदावर असतो, पण तो कोणी घेऊ नये म्हणूनच ठेवलेला असतो. काम वेळेच्या आणि श्रमाच्या दृष्टीने बरोबरीचे हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणी भाग घेतला आणि कोणी घेतला नाही हे शिकवणाऱ्याला निकाल लागेपर्यंत कळता कामा नये, त्यासाठी नोंदणी दुसऱ्या कोणीतरी करावी लागते. अर्ध्यातून उठून गेलेल्याचे गुण कापले जात असतील, तर आधी दिलेले स्वातंत्र्य तेथेच परत घेतले जाते. पैशांच्या मानधनालाही हेच लागू आहे. पूर्ण रक्कम शेवटच्या सत्राला बांधून ठेवली की पहिल्या सत्रानंतर सोडू पाहणारा अडकतो, म्हणून झालेल्या सत्रांच्या प्रमाणात पैसे देणे योग्य.

थोडे विषयांतर. आपल्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांत प्रयोगाला बसणाऱ्यासाठी 'प्रयुक्त' हा शब्द वर्षानुवर्षे छापला गेला आहे. 'प्रयोगकर्ता' आणि 'प्रयुक्त', म्हणजे एक करणारा आणि दुसरा वापरला गेलेला. इंग्रजीत 1994 च्या सुमारास लेखननियमांनीच जुना शब्द बाजूला सारून 'सहभागी' या अर्थाचा शब्द वापरायला सांगितले. शब्द बदलल्याने वागणूक बदलते असा माझा भाबडा समज नाही. तरी तुमच्या वहीत 'सहभागीचे नाव' असे लिहून पाहा आणि प्राध्यापक काय म्हणतात ते कळवा.

प्रश्न : एका संशोधनात मला तर्कशक्तीची चाचणी दिली आणि तुमचा निकाल सरासरीपेक्षा बराच खाली आहे असे सांगितले. शेवटी 'तो निकाल खोटा होता, अपयशानंतर लोक कसे वागतात हे पाहायचे होते' असे सांगून त्यांनी आभार मानले. तीन महिने झाले. खोटे होते हे मला ठाऊक आहे, तरी नोकरीच्या मुलाखतीला जाताना तो आकडा आठवतो. मी अतिसंवेदनशील आहे का?

उत्तर : नाही. आपल्याला जे होत आहे त्याला मानसशास्त्रात चांगला पुरावा आहे, आणि तो खुद्द अशाच एका प्रयोगातून मिळालेला आहे.

ली रॉस, मार्क लेपर आणि मायकेल हबर्ड यांनी 1975 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहभागींना आत्महत्येपूर्वी लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या जोड्या दाखवल्या, प्रत्येक जोडीत एक खरी आणि एक बनावट, आणि खरी ओळखायला सांगितले. तुम्ही फार छान ओळखता किंवा तुम्हाला हे मुळीच जमत नाही, असे त्यांना सांगितले जाई, पण कोणाला काय सांगायचे हे आधीच सोडत काढल्यासारखे ठरलेले होते. नंतर हे सगळे उघड केले. त्यावर कोणाचा अविश्वासही नव्हता. तरीही 'आता पुन्हा केले तर किती जमेल' असे विचारल्यावर ज्यांना यशस्वी म्हटले होते त्यांनी स्वतःला वर ठेवले आणि ज्यांना अपयशी म्हटले होते त्यांनी खाली. आधार काढून घेतला तरी त्यावर उभी राहिलेली समजूत तशीच उभी राहिली, कारण मधल्या काळात माणसाने तिला स्वतःच्या आयुष्यातले टेकू दिलेले असतात : शाळेतही मला हे जमत नव्हतेच, परवा त्या हिशेबात चूक झाली ती यामुळेच. निकाल खोटा असल्याचे कळल्यावर निकाल जातो, टेकू मात्र राहतात.

त्याच अभ्यासात उपायही सापडला. केवळ 'ते खोटे होते' असे सांगण्याऐवजी, 'खोट्या निकालानंतरही माणसे त्याला अशी कारणे जोडत जातात आणि तुमच्याही बाबतीत तसे होण्याची शक्यता आहे' असे समजावून सांगितले, तेव्हा हा परिणाम बहुतांशी ओसरला. म्हणून प्रयोगाच्या अखेरीचा उलगडा, ज्याला संशोधक डिब्रीफिंग म्हणतात, तो आभाराच्या वाक्यात उरकण्याचा उपचार नाही. प्रयोगाला जेवढा वेळ दिला त्याच्या मानाने त्याला वेळ द्यावा लागतो, शक्य तर समोरासमोर, आणि सहभागीला बोलते करून. आपल्या बाबतीत हे झालेले दिसत नाही. आपण त्या न तपासलेल्या उत्तरपत्रिकेचा विचार करा : पेपर तपासला गेला नव्हता, तुमच्या जागी बसलेल्या कोणालाही तोच आकडा मिळाला असता. मुलाखतीपूर्वी आठवणारी जुनी उदाहरणे लिहून काढा आणि त्यांतली कोणती या चाचणीनंतर आठवू लागली ते पाहा. महिन्याभरात फरक वाटला नाही तर समुपदेशकाशी बोलण्यात कमीपणा मानू नये.

फसवणूक चालतेच कशी, असे आपण विचारलेले नाही, पण ते विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. संहितांनी तिला बंदी घातलेली नाही, कुंपण घातले आहे. संशोधनाचे मोल तेवढे असावे, दुसरा मार्ग नसावा, शारीरिक वेदना किंवा तीव्र मानसिक त्रास होण्याजोगी गोष्ट कधीही लपवू नये, शक्य तितक्या लवकर सत्य सांगावे, आणि सत्य कळल्यावर 'माझी माहिती वापरू नका' असे म्हणण्याची मुभा सहभागीला द्यावी. ही शेवटची मुभा आपल्याला दिली होती का? नसेल तर संमतिपत्राच्या प्रतीवर ज्या नीतिसमितीचे नाव असेल तिला आपण आजही लिहू शकता. तीन महिन्यांनी लिहिलेली तक्रारही तक्रारच असते.

प्रश्न : माझ्या प्रश्नावलीत ना फसवणूक आहे, ना धोका. विद्यार्थ्यांच्या झोपेविषयी साधे प्रश्न आहेत. तरीही समितीच्या मंजुरीसाठी सहा आठवडे थांबलो. संशोधकावर एवढाही विश्वास नसावा का?

उत्तर : सहा आठवडे जास्तच झाले. साध्या प्रश्नावल्यांसाठी बहुतेक ठिकाणी जलद छाननीची सोय असते आणि ती नसेल तर समितीशी भांडावे, मीही समितीवर असताना भांडलो आहे.

विश्वासाचे म्हणाल तर, संशोधक लबाड असतो म्हणून समिती नसते. तो गुंतलेला असतो म्हणून असते. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी ऑगस्ट 1971 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवून कृत्रिम तुरुंग उभारला तेव्हा ते एकाच वेळी मुख्य संशोधकही होते आणि तुरुंगाचे अधीक्षकही. तेथे एक प्रसंग घडला. कैदी झालेल्या विद्यार्थ्यांना पॅरोल मंडळासमोर उभे करून विचारले गेले की, सुटका मिळणार असेल तर आजवरचे मानधन सोडाल का? दिवसाचे 15 डॉलर होते ते. बहुतेकांनी हो म्हटले. मानधन सोडायची तयारी असेल तर प्रयोगातून उठून जायला काहीच हरकत नव्हती, तो त्यांचा हक्कच होता. पण 'तुमच्या अर्जाचा विचार करू' असे सांगताच ते मुकाट्याने कोठड्यांत परत गेले, आणि हे विपरीत आहे असे मंडळावर बसलेल्यांपैकी कोणालाही तेव्हा वाटले नाही. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबला, तोही क्रिस्टिना मास्लॅक या बाहेरून आलेल्या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते दृश्य पाहून झिंबार्डो यांना खडसावल्यावर. त्या प्रयोगाच्या निष्कर्षांवर पुढे बरेच प्रश्नचिन्ह लागले, तो विषय वेगळा. बाहेरच्या डोळ्यांचा उपयोग काय, याला मात्र याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या झोपेच्या प्रश्नांकडे. 'रात्री झोपेतून दचकून उठता का' हा आपल्याला साधा प्रश्न वाटतो. ज्या विद्यार्थिनीच्या घरी रात्री काही घडत असेल तिला तो साधा नसतो.

प्रश्न : मुलाच्या शाळेत एका संशोधनासाठी आमची लेखी परवानगी मागितली आणि आम्ही दिली. मुलगा नऊ वर्षांचा आहे. दुसऱ्या सत्राला तो जायला तयार नाही. बाईंचे म्हणणे असे की, पालकांची सही झाली आहे, आता मूल अधूनमधून कुरकुर करणारच.

उत्तर : बाईंचे म्हणणे चूक आहे. पालकांची सही ही परवानगी असते आणि मुलाचा होकार ही स्वतंत्र गोष्ट असते. दोन्ही लागतात, आणि नऊ वर्षांच्या मुलाचा नकार पालकांच्या सहीने पुसला जात नाही. त्याला उपचार म्हणून थेट लाभ होणार असेल अशा मोजक्या प्रसंगी वेगळा विचार होतो, पण शाळेतल्या पाहणीचा त्यात समावेश नाही. फार लहान मूल शब्दांत नाही म्हणत नाही. ते मान फिरवते, खुर्चीवरून घसरते, शू लागली म्हणते. जाणकार संशोधक तेही नकार म्हणूनच वाचतात.

या बाबतीत ताकीद का हवी, याची एक जुनी आणि वाईट कथा आहे. 1939 मध्ये आयोवा विद्यापीठाच्या वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली एका अनाथालयातील 22 मुलांवर प्रयोग झाला. त्यांतील व्यवस्थित बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगण्यात आले की, तुझे बोलणे अडखळते, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस. तोतरेपण लोकांच्या शेऱ्यांमुळे जडते का, हे तपासायचे होते. मुलांना खरा हेतू सांगितला नव्हता, अनाथालयातल्या शिक्षकांनाही नाही. काही मुले बोलायलाच कचरू लागली. ही हकिगत 2001 मध्ये वृत्तपत्रातून उघडकीस आल्यावर विद्यापीठाने माफी मागितली, आणि 2007 मध्ये राज्याने त्या मुलांपैकी काहींच्या वतीने केलेल्या दाव्यापोटी 9,25,000 डॉलर देण्याचे मान्य केले. तोवर ती मुले म्हातारी झाली होती. मुले अनाथालयातलीच का निवडली, याचे उत्तर कोणीही देऊ शकेल : त्यांच्या वतीने नाही म्हणायला कोणी नव्हते. संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या 1979 च्या अमेरिकेतील बेलमाँट अहवालाने व्यक्तीविषयी आदर आणि हितरक्षण यांच्या जोडीला 'न्याय' हे तिसरे तत्त्व ठेवले ते अशाच निवडींकडे बोट दाखवण्यासाठी. अमेरिकेतील टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवल्याचे उघड झाले होते, त्यानंतरच्या 1974 च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचा तो अहवाल होता.

तुमच्या मुलाला तुम्ही आहात. त्याला का जायचे नाही ते विचारा, कारण सांगितले नाही तरी चालेल, आणि बाईंना दोन ओळींची चिठ्ठी द्या.

प्रश्न : मी नैराश्याविषयी निनावी ऑनलाइन पाहणी करत आहे. एका उत्तरात 'जगून उपयोग नाही असे जवळजवळ रोज वाटते' हा पर्याय निवडलेला दिसला. कोणाचे उत्तर आहे ते मला कळू शकत नाही. रात्रभर झोप लागली नाही.

उत्तर : झोप लागली नाही हे तुमच्याविषयी चांगले सांगते, तुमच्या मार्गदर्शकांविषयी नव्हे. ही वेळ येणार हे त्यांनी आधीच ओळखायला हवे होते, कारण नैराश्याच्या अनेक रूढ प्रश्नावल्यांत मरणाच्या विचाराविषयीचा प्रश्न असतो आणि पुरेशा लोकांना विचारला की कोणीतरी हो म्हणतेच.

त्या एका व्यक्तीपर्यंत तुम्ही पोहोचू शकत नाही, ते मान्य करावे लागेल. पाहणी मात्र आजच थांबवून दुरुस्त करता येईल. पहिली सोपी दुरुस्ती म्हणजे हा पर्याय निवडताच पुढच्या पानावर मदतवाहिनीचा क्रमांक आणि 'आत्ता एखाद्या जवळच्या माणसाला फोन करा' असा मजकूर दिसेल अशी व्यवस्था करणे, आणि तोच मजकूर सर्वांना शेवटीही दाखवणे, कारण काही जण खरे उत्तर न देताच पुढे जातात. दुसरी दुरुस्ती अवघड आहे. या प्रश्नाची तुमच्या अभ्यासाला खरोखर गरज आहे का, हे स्वतःला विचारायचे. नसेल तर तो काढून टाका. ज्याचे उत्तर ऐकून आपण काहीच करू शकत नाही, असा प्रश्न केवळ प्रश्नावली अखंड राहावी म्हणून विचारणे मला पटत नाही. असेल तर निनावीपणा सोडून, संपर्क क्रमांक घेऊन, आणि प्रशिक्षित व्यक्ती चोवीस तासांच्या आत फोन करील अशी सोय करूनच तो विचारावा. मग संमतिपत्रात आधीच लिहावे लागेल की, जिवाला धोका दिसला तर आम्ही गोपनीयता मोडू आणि कोणाला कळवू. गोपनीयतेचे अमर्याद वचन देऊन नंतर ते मोडणे, हा सगळ्यांत वाईट मार्ग.

प्रश्न : नावे काढून टाकली की माहिती सुरक्षित झाली असे समजावे का? आणि समाजमाध्यमांवर लोक स्वतःहून लिहितात, त्यावर संशोधन करायला कोणाची परवानगी कशाला?

उत्तर : नाव काढणे ही सुरुवात आहे. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी दाखवून दिले होते की, जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरू शकतात. मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात तर धोका आणखी जवळचा असतो : 'चार बहिणींत धाकटी, दोन वेळा परदेशी गेलेली परिचारिका' असे लिहिले की बाहेरच्याला ती कळणार नाही, पण तिच्या नणंदेला पहिल्याच ओळीत कळेल, आणि तिला ज्यांच्यापासून लपवायचे आहे ते बहुधा बाहेरचे नसतातच.

दुसऱ्या प्रश्नाबाबत 2014 सालचे फेसबुकचे प्रकरण आठवावे. 6,89,003 वापरकर्त्यांच्या पानावर दिसणाऱ्या सुखद किंवा दुःखद मजकुराचे प्रमाण आठवडाभर बदलून त्यांच्या स्वतःच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते पाहिले गेले. परिणाम अगदी नगण्य होता. संमती म्हणून वापराच्या अटींकडे बोट दाखवले गेले, आणि ज्या नियतकालिकाने निबंध छापला त्यालाच नंतर चिंता व्यक्त करणारी टीप प्रसिद्ध करावी लागली. लोकांनी लिहिलेले वाचणे वेगळे आणि त्यांना काय वाचायला मिळेल ते बदलणे वेगळे. बदल करणारा प्रयोग असेल तर परवानगी लागते. नुसते वाचायचे असेल तरी, लिहिणाऱ्याने कोणासाठी लिहिले होते हे पाहावे. आजारी माणसांच्या बंद गटातला मजकूर चौकातल्या भाषणासारखा उद्धृत करता येत नाही.

प्रश्न : संमतिपत्र किती पानांचे असावे? आमचे सहा पानांचे झाले आहे.

उत्तर : कोणी वाचेल एवढे. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातील एक वाक्य असे आहे : 'सदर संशोधनातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता माघार घेण्याचा अधिकार अबाधित राहील.' यात चूक काही नाही, आणि वाचून कोणी उठून जाणारही नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा : 'मध्येच थांबावेसे वाटले तर "मला थांबायचे आहे" एवढेच म्हणा. आम्ही कारण विचारणार नाही आणि मानधन पूर्ण देऊ. घरी गेल्यावर मन बदलले तर पंधरा दिवसांच्या आत फोन करा, तुमची उत्तरे आम्ही काढून टाकू. त्यानंतर ती इतरांच्या उत्तरांत मिसळलेली असतील, म्हणून काढता येणार नाहीत.' लांबी थोडी वाढली, पण काय बोलायचे, कधीपर्यंत आणि पुढे काय होईल हे माणसाला कळले.

सहा पाने बहुधा संस्थेच्या कायदेविषयक मजकुराने झाली असतील. तो मागे जोडा. पहिल्या पानावर काय करायला सांगणार, किती वेळ लागेल, त्रास काय होऊ शकतो, थांबायचे कसे आणि माहिती कोण पाहणार, एवढेच ठेवा. सही घेण्यापूर्वी सहभागीला 'थांबायचे झाले तर तुम्ही काय कराल, ते मला तुमच्या शब्दांत सांगा' असे विचारा. उत्तर गोंधळलेले आले तर कागद बाजूला ठेवून पुन्हा समजावा. एक प्रत त्यांच्याजवळ राहू द्या आणि तिच्यावरचा फोन नंबर संशोधन संपल्यावरही कोणीतरी उचलेल असा द्या. तुमच्या मसुद्यातला नंबर मी दोनदा फिरवून पाहिला, तो बंद आहे.